रेवदंड्याची वाट

"या वाळवंटात चालून जायचं कुठं, गो?" शेगुलाबाईंनी दवाखान्यातलं पत्रक नर्सला परत केलं. त्यावर पळणारी गोरी बाई होती. कोकण सोडून इस्रायलला येऊन पन्नास वर्षं झाली, साखरेपायी पायाचं एक बोट गेलं, तरी शेगुलाबाई चालायला तयार नव्हत्या.

नर्सची आईही कोकणातलीच. तिनं पत्रक उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर अलिबाग ते रेवदंडा अशी रेघ ओढली. "मावशी, हे रेवदंडा, तुमचं माहेर. रोज थोडं थोडं जा. फक्त पायांत चपला हव्यात."

शेगुलाबाई निघाल्या. रस्ता तोच, वसाहतीभोवतीचा. गाव मात्र रोज नवं. बसथांब्याशी आक्षी लागली, पाण्याच्या टाकीशी नागाव. चौलला सुपारीच्या वाडीची सावली अंगावर आली आणि कोरड्या वाऱ्याला खारा वास सुटला.

नवव्या संध्याकाळी त्या घरी परतल्या त्या हसत, धुळीनं माखलेल्या अनवाणी पायांनी. सून घाबरली. "आई, चपला कुठं?"

"रेवदंड्याला, दाराबाहेर," शेगुलाबाई म्हणाल्या. "आईच्या घरात काय चपला घालून शिरायचं?"