मागच्या तारखेची तब्येत

“सर, शर्ट काढता का?” असं विचारताना डॉक्टरीणबाईंनाच अवघडल्यासारखं झालं. याच दवाखान्यात त्या शिकाऊ होत्या तेव्हा म्हातारे डॉक्टर त्यांच्यावर ओरडायचे. आता वैद्यकीय मंडळाच्या खुर्चीत त्या होत्या, आणि म्हातारे डॉक्टर बनियनवर, तपासणीच्या पलंगावर पाय लोंबकळत सोडून बसले होते. त्यांचा शर्ट हातावर घेऊन बायको भिंतीशी उभी होती. दाराशी फाईल घेऊन कार्यालयातला कारकून.

प्रकरण इतकं सरळ होतं की कार्यालयाला ते मानवलं नाही. कोर्टाने निकाल दिला होता: यांना डावलून ज्युनियर माणसाला मुख्य डॉक्टर केलं ते चूक. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या दिवसापासून बढती यांचीच होती असं माना आणि पेन्शनही त्या हिशेबाने द्या. झालं, मिटलं म्हणायचं. पण कारकुनाने नियम काढला. बढतीवर रुजू होताना माणूस धडधाकट असल्याचा दाखला लागतो. बढती अठरा वर्षांपूर्वीची, तेव्हा तब्येतही अठरा वर्षांपूर्वीची हवी. आजच्या टपालात दाखला गेला नाही तर खातं अपिलात जाणार होतं. अपील किती वर्षं चालेल, हे विचारायचं म्हाताऱ्या डॉक्टरांचं वय राहिलं नव्हतं. मरायच्या आधी आपल्या नावापुढे ‘मुख्य’ लिहिलेलं त्यांना एकदा बघायचं होतं, आणि हे ते कुणालाही न लाजता सांगत.

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. घाई करू नकोस, डावीकडे नीट ऐक, असं म्हातारे डॉक्टर मधेच म्हणाले. त्यांनी पुन्हा ऐकलं. वयाच्या मानाने सगळं ठीक होतं. मग त्या टेबलाशी जाऊन लिहायला बसल्या. कारकुनाने वाकून तारखेच्या जागेवर बोट ठेवलं. त्या जरा थांबल्या आणि त्यांनी कारकुनाला हवी ती तारीख घातली.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी ते पाहिलं आणि मान फिरवली. समोर डोळे तपासायचा तक्ता होता. त्यांनी तो वरपासून वाचला. शेवटची ओळ लागेना, म्हणून पुन्हा वाचला. पेन सहीच्या जागी पोचलं.

“तारीख कुठली घातलीस?”

बायकोने डोळे मिटून घेतले.

“कोर्टाने मानायला सांगितलेली, सर.”

“त्या दिवशी तू कुठे होतीस?”

“अकरावीत.”

“मग मला तपासलंस कधी?”

कारकुनाने हात जोडले. साहेब त्या दिवशी ठणठणीत होते हे सगळ्या दवाखान्याला माहीत आहे, त्या दिवसाची त्यांची हजेरी आहे, दोन ऑपरेशनं केल्याची नोंद आहे, हे सगळं त्याने सांगून पाहिलं. म्हाताऱ्या डॉक्टरांना ते सगळं मान्य होतं. मग हजेरी लावा, नोंद लावा, पण हिने आज तपासलंय तर दाखला आजचाच द्यायचा, एवढंच त्यांचं म्हणणं. आजच्या दाखल्याचं आम्ही काय करू, आज तुम्ही नोकरीत कुठे आहात, असं म्हणून कारकुनाने कपाळाला हात लावला. जीभ आवरली असती तर आभाळ कोसळलं नसतं, हे म्हाताऱ्या डॉक्टरांनाही कळत होतं. त्यांना सगळ्यात जास्त संताप आला होता तो स्वतःच्या जिभेचाच.

डॉक्टरीणबाईंचं पेन तसंच हातात राहिलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. “काकू, तुम्हीच सांगा आता.”

बायको पुढे आली. शर्टाची बाही नवऱ्याच्या हातात चढवता चढवता तिने कारकुनाला विचारलं, ह्यांची बढती तेव्हा का अडवली, ते आहे का तुमच्या फायलीत? कारकुनाने पानं चाळली. वरिष्ठांशी सहकार्य करत नाहीत, असा शेरा होता.

“मोठ्या साहेबांचा जावई महिनाभर उंडारून आला, आणि आजारी होतो असा मागच्या तारखेचा दाखला मागायला लागला. ह्यांनी दिला नाही. ते ह्यांचं असहकार्य.” तिने दुसरी बाही चढवली. “तेव्हापासून मी त्या साहेबांना रोज शिव्या घालतेय. देवपूजेसारख्या.”

ती खालून एकेक बटण लावत वर आली, कॉलर नीट केली आणि डॉक्टरीणबाईंकडे वळली.

“घाल गं, आजची तारीख घाल. तेव्हा साहेब आडवे आले, आता हे स्वतःच आलेत. आता मी शिव्या घालायच्या कुणाला?”