हुंकारा

"लेकरू माह्याजवळ द्या," नत्थू म्हणाला आणि पहिल्याच पायरीवर अडून उभा राहिला.

कोकिळाने जयूला आणखी घट्ट धरले. यात्रेकरूंची लेकरे खांद्यावरून वर नेणारा हा साठीचा माणूस, पायात टायरच्या चपला, आणि समोर गिरडची टेकडी. "राहू द्या. मीच घेते."

"दे वो त्याच्यापाशी," देवकाबाई मागून म्हणाल्या. सासूबाईंचे गुडघे चढण्यासारखे नव्हते. त्या चहाच्या टपरीवर बाकड्यावर बसून घेत होत्या. "तुह्या नवऱ्यालेही लहानपणी यानंच वर नेलतं. पाडला नाई कुठं."

जयू सरळ नत्थूच्या मानेवर जाऊन बसली. दोन पाय त्याच्या छातीवर, दोन हात पागोट्यावर. कोकिळा मागून निघाली, दोन्ही तळवे पुढे धरून, मूल आता पडेल की मग पडेल अशी.

जयूला पुढच्या महिन्यात तीन वर्षे पूर्ण होणार होती. ती अजून एक शब्द बोलली नव्हती. कोकिळाने तिच्यामागे उभे राहून ताट वाजवून पाहिले होते, मुद्दाम पाण्याचा गडवा पाडून पाहिला होता. जयू कधी वळे, कधी वळत नसे. तिला ऐकू येते की नाही, एवढेच कोकिळाला कळायला हवे होते, आणि तेच कळत नव्हते. सोमवारी नागपूरला कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला होता. त्याआधी गिरडच्या दर्ग्यावर माथा टेकून येऊ, हा सासूबाईंचा हट्ट. म्हणून आर्वीहून एसटी बदलत बदलत तिघी आल्या होत्या.

"टेकडीची गोठ सांगतो," नत्थू चढता चढता म्हणाला. "पण हुंकारा पाह्यजे. हुंकाऱ्याबिगर माही गोठ चालत नाई. अन् गोठ नाई चालली तर पायही चालत नाई."

कोकिळा इतिहास घेऊन बी.ए. झाली होती. "हूं," ती म्हणाली.

"एक व्यापारी होता. शंभर बैलांचा तांडा घेऊन या वाटेनं चालला होता."

"हूं. कोणत्या साली?"

"साल तुमच्या पुस्तकात पाहा, बाई. तवा या पायऱ्या नव्हत्या, एवढं मले माहीत हाये."

नत्थूचे तोंड कुणालाच दिसत नव्हते. नुसता आवाज मागे येत होता. बैलांच्या पाठीवर गोण्या होत्या. गोण्यांत नारळ होते, सुपारी होती, जायफळ होते. कोकिळा "हूं" म्हणत होती आणि नजर जयूच्या पाठीवर ठेवून होती. फ्रॉकचे एक बटण सुटले होते. पोरगी मधूनमधून दचकल्यासारखी हलत होती. घाबरली असेल, किंवा शू आली असेल.

अर्ध्या वाटेत कडुलिंबावर माकडे आली. जयूने मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. नत्थू थांबला.

"हूं," कोकिळा म्हणाली.

नत्थू हलला नाही.

"हूं," ती मोठ्याने म्हणाली, शाळेत हजेरी द्यावी तशी. खाली उतरणाऱ्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

"हुंकारा नाई भेटला," नत्थू शांतपणे म्हणाला. "उभाच हाओ मी."

माकडे पलीकडच्या झाडावर गेली. थोड्या वेळाने नत्थू आपणहून चालू लागला. कान गेलेले दिसतात बिचाऱ्याचे, कोकिळाने मनात म्हटले, आणि आपल्या पोरीच्या कानांची आठवण होऊन तिचे हसू तिथेच विरले.

"टेकडीवर फकीर बसला होता. त्यानं इचारलं, काऊन बावा, गोण्यांत काय भरून राह्यला? व्यापाऱ्याले वाटलं, आता हा फुकट मागन. तो बोल्ला, दगड."

कोकिळा हूं म्हणायला विसरली. पायरी ओलसर होती आणि तिचे लक्ष नत्थूच्या चपलांवर होते. पण गोष्ट चालूच राहिली. पायही चालूच राहिले.

"फकीर बोल्ला, बरं, दगड तर दगड. पुढच्या मुक्कामाले व्यापाऱ्यानं गोणी सोडली. नारळासारखे दगड. सुपारीसारखे दगड. अजूनही सापडतात या टेकडीत."

ते वर पोचले. वारा जोराचा होता. खाली कपाशीची शेते तुकड्यातुकड्यांनी पसरली होती. नत्थूने जयूला खाली उतरवले. ती लगेच उकिडवी बसली आणि माती उकरू लागली. कोकिळाने आधी तिचे बटण लावले, मग गुडघे पाहिले, मग कोपरे. सगळे जागेवर होते. मग तिला जरा राग आला.

"नत्थूभाऊ, रागावू नका, पण तुम्हाला कमी ऐकू येतं का? अर्ध्या वाटेत मी ओरडून ओरडून हूं म्हणत होते."

"सुईही पडली तर ऐकू येते मले."

"मग थांबलात कशाला? आणि नंतर मी हूं म्हटलं नाही, तेव्हा चालत राहिलात."

नत्थूने सदऱ्याची वरची दोन बटणे सोडली आणि छाती चोळत तो कठड्यावर बसला.

"तुमाले कोणं सांगितलं होतं हूं म्हणायले, बाई? तुमाले तर गोठीपेक्षा माह्या चपलांचीच काळजी. ज्याले खांद्यावर घेतलं, त्याले गोठ. तुमची पोरगी पहिल्या पायरीपासून हुंकारा देऊन राह्यली. माहं बोलणं संपलं का टाच मारे. माकडं आली तवा टाच थांबली, म्हून मी थांबलो." त्याने छातीवरची लाल जागा दाखवली. "अन् नारळाचे दगड झाले ना, तवा तर दोन्ही टाचा हाणल्या तिनं."