शेवटचं गिऱ्हाईक

“सुरकुती हा मानवजातीचा शेवटचा शत्रू होता, आणि आज तोही हरला!” सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा माणूस जोशात म्हणाला आणि काउंटरवर ऐसपैस टेकला. त्याचं कोपर नेमकं क्रीमच्या उघड्या पातेल्यात गेलं.

दुकानवाल्या बाईंनी फडकं पुढे केलं. पातेल्यात मेण आणि तेल घोटून केलेलं त्यांचं क्रीम होतं. कृती सासूबाईंची. एके काळी त्यासाठी दुकानाबाहेर बायका ताटकळायच्या. आता बाहेर स्कूटर असायच्या, त्याही समोरच्या औषधवाल्याच्या गिऱ्हाइकांच्या.

बाही पुसत त्या माणसाने माल मांडला. कोरियाहून आलेलं सीरम, चेहऱ्यावर चिकटवायचे ओले कागद, गोगलगाईच्या चिकाची बाटली.

“बड्या दुकानांत कधीच आलंय हे. आता तुमच्यासारख्यांकडेही देतोय. त्वचा काचेसारखी होते, मॅडम.”

“काच तडकते,” बाई म्हणाल्या.

“दुकान तुमचंच राहील. माल आमचा, तुमच्या मुलीला पगारी नोकरी. फक्त हे बंद.” त्याने पातेल्याकडे हनुवटी उडवली. “संध्याकाळी येतो. तुम्हाला नको असेल तर समोरचा औषधवाला तयारच आहे.”

तो गेला आणि लेक आतून बाहेर आली.

“आई, हो म्हण.”

“लोकांच्या तोंडाला गोगलगाय फासू?”

“लोक फासताहेत! मीसुद्धा लावते,” लेक म्हणाली आणि तिने जीभ चावली.

बाईंनी तिच्या गालाकडे निरखून पाहिलं. गाल खरंच छान दिसत होता. हे फार वाईट झालं.

“तुझं क्रीम घेतं कोण आता? तो एक म्हातारा! त्या एका म्हाताऱ्यासाठी मी या फळ्यांमागे सडू?”

डब्यांवरची धूळ पुसणंही बाईंनी हल्ली सोडलं होतं. सकाळी कुलूप उघडताना वाटायचं, किल्ली आत मोडावी, तेवढंच न उघडायला कारण. आयुष्यभर ज्यात हात बुडवले ते कुणालाच नको, हे रोज दिवसभर स्टुलावर बसून बघायचं, याला तरी दुकान चालवणं का म्हणायचं?

दुपारी त्यांनी ठरवून टाकलं. हो म्हणायचं. पातेलं घासायला काढलं, तेवढ्यात साहेब आले.

साहेब म्हणजेच तो एक म्हातारा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून मागून कुणीतरी फायली घेऊन येत असल्यासारखे चालायचे. दर आठवड्याला मोठी डबी न्यायचे.

“द्या, बाई.”

“ही शेवटची, साहेब. बंद करतेय मी.”

साहेब मटकन बसले. “मग तिचं कसं व्हायचं?”

“कोरियाचं येतंय ना. भारी असतं म्हणे.”

“सुनेचं होतं घरात, लावून बघितलं. चट्टे उठले हो तिच्यावर! तुमच्या डबीने निस्तरलं. या वयात तिची कातडी अशी तुकतुकीत आहे, बघणारा हात फिरवल्याशिवाय राहत नाही.”

“कातडी काय म्हणता, साहेब! त्वचा म्हणावं.”

“तेच ते.” साहेब हळवे झाले. “ऑफिसातलीच ती. निवृत्त झालो आणि सरळ घरी घेऊन आलो. लोक काय काय बोलले! मुलगा अजून नाक मुरडतो. पण उमेदीची सगळी वर्षं जिच्या आधारावर काढली, तिला दुसऱ्याच्या हवाली करून यायचं?”

“आणि रोज तुम्ही स्वतः लावता?”

“रोज. आधी पाठ, मग हात.”

बाईंनी घासायला काढलेलं पातेलं बाजूला सारलं. त्यांच्या यजमानांनी हयातीत कधी त्यांच्या कपाळाला बामसुद्धा चोळून दिला नव्हता. कुणाच्या तरी घरात त्यांच्या पातेल्यातलं क्रीम इतक्या मायेने लावलं जात होतं, आणि त्या ते बंद करायला निघाल्या होत्या.

“साहेब, उद्या आणाल त्यांना इथे? चार बायकांना नुसतं बघू दे.”

“आणतो की! गाडी सांगावी लागेल, चालत नाही ती.”

“बिचाऱ्या,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. बाई नाही म्हणाल्या.

“नीट विचार करा, मॅडम.”

“केला.”

“बरंय मग, मावशी,” तो म्हणाला आणि रस्ता ओलांडून गेला. अंधार पडायच्या आत औषधवाल्याच्या दारावर कंपनीची पाटी चढली. नोकरी त्याच्या मेहुणीला मिळाली. लेक रडली असती तर बाईंनी समजूत घातली असती. ती रडली नाही. तिने आईकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान गच्च भरलं. बाईंनी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांना बोलावलं होतं. औषधवाल्याची बायकोही चोरून आली होती. लेक कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती. फळ्या लखलखत होत्या. साहेबांच्या बाईंना टेकायला बरं, म्हणून बाईंनी घरची मऊ उशी आणून ठेवली होती.

बाहेर गाडी थांबली. बायकांनी माना उंच केल्या. साहेब कोट घालून घामाघूम होत पायरी चढले.

“आल्या का?” बाईंनी उशी झटकली.

“दोघं जण धरून उतरवताहेत.” साहेबांनी दाराच्या चौकटीचं नजरेने माप घेतलं. “बाई, दाराची दुसरी फळी तेवढी उघडता का? ऑफिसची खुर्ची ती, आडवी करून आत घेतली, तर तिच्या कातडीला चरा पडेल.”