ताईंची बाजू

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे शरयूताईंना आठवडाभर फोन बघायला बंदी होती, आणि नेमका तेव्हाच त्यांच्या फेसबुकवरच्या धर्मचर्चेच्या गटात कुणीतरी खोचक प्रश्न टाकला, 'मातीच्या गणपतीला देव म्हणणारे शहाणे की वेडे?'

"पुढचं वाच गं," त्या सुनेला म्हणाल्या. "परकार तर तुटून पडले असतील."

चिपळूणचे हमीद परकार म्हणजे पक्के नमाजी आणि ताईंचे तितकेच पक्के विरोधक. मूर्तिपूजेवरून वर्षभर दोघांची जुंपलेली. प्रत्यक्ष भेट एकदाही नाही, आणि माघारही एकदाही नाही.

सून वाचू लागली. "परकारांनी लिहिलंय, 'ताईंचं ऑपरेशन झालंय, म्हणून आज त्यांची बाजू मी मांडतो. मूर्ती पुजणारे मातीला देव समजत नाहीत. ते देवाला पाहुणा म्हणून बोलावतात, आवडीचं करून जेवू घालतात आणि डोळे पुसत निरोप देतात. मातीलाच देव मानलं असतं, तर ती पाण्यात सोडायला त्यांचा हात धजला असता का?'"

ताईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. वर्षभर भांडून त्यांना स्वतःला हे इतकं नेमकं कधी मांडता आलं नव्हतं.

"आणि खाली?"

"खाली लिहिलंय, 'मला स्वतःला हे पटत नाही. का पटत नाही, ते ताई आल्यावर सांगेन. त्यांच्या पाठीमागे नाही.'"

डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईंनी घाईघाईनं काळा चष्मा सारखा केला.

"लिही," त्या म्हणाल्या, "आलेय म्हणावं. आता होऊन जाऊ दे!"