पोखरलेला काठ

या, थोडे जवळ सरकून बसा. ऑस्ट्रेलियातल्या मरी नदीकाठच्या दोन जिवांची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे.

डार्सी मागच्या पायरीवर बसला होता, बुटांवर नदीचा गाळ. ग्लेनिसने चहाचा मग त्याच्या हाती दिला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली. लग्न न करता दोघांनी अर्धं आयुष्य एकत्र काढलं होतं. मोडलं तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे, दोघांनी ठरवलं तशी, कोर्टाने कायमची वाटणी करून दिली: हे घर तिला, नदीवरचं लाकडी खोपटं त्याला. गेल्या आठवड्यात काठ ढासळला आणि खोपटं नदीत गेलं.

"ना पूर, ना वादळ," डार्सी म्हणाला. "आंघोळीला उतरावं तसं उतरलं पाण्यात."

"राहतोस कुठे?"

"गाडीत. कुत्रा घोरतो, तेवढाच त्रास."

"वकीलबाई काय म्हणाल्या?"

"नशीब फुटलं म्हणून कोर्ट झालेली वाटणी उकलत नाही म्हणे. कुणी धाक घातला असेल, खोटं बोललं असेल, काही लपवलं असेल, तर गोष्ट वेगळी. मग पेन सरसावून विचारतात कशा, 'ग्लेनिसला काठाचं ठाऊक होतं का?'" तो हसला. "म्हटलं, बाई, ती पत्त्यात हरली की रुसते, पण लबाडी करत नाही. मिटा ती फाइल."

ग्लेनिसने मागे वळून स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे पाहिलं. वाटणीच्या कागदांवर सह्या व्हायच्या आधी, याच स्वयंपाकघरात, तिचा भाऊ क्लॉड म्हणाला होता, "काठ खालून पोखरलाय, ग्लेन. ते खोपटं घेऊ नकोस." तिने घेतलं नाही. वर डार्सीला म्हणाली, "तुला नदी आवडते ना? तूच घे." क्लॉड हिवाळ्यात वारला. आता हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

देव परीक्षेला बसवतो तेव्हा घंटा वाजवत नाही.

डार्सी उठला. "निघतो. कुत्रा वाट बघतोय."

"बस."

"अगं, पण..."

"बस म्हणते ना. वकीलबाईंना फोन लाव. फाइल उघडायला सांग."

"कशाला?"

"मला ठाऊक होतं, डार्सी. क्लॉडने सांगितलं होतं."

तो बसला. मग पायरीवर ठेवला. चहा तसाच होता.

"तूच लाव," तो म्हणाला. "तुझ्याविरुद्ध बोलणं माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिने लावला.

आज हात जोडाल तेव्हा त्या बाईचं नाव आठवणीने घ्या. ते घर पुढे तिचं राहिलं की नाही, मला ठाऊक नाही.