आईच्या ड्यूटीवर

ओहायोतल्या त्या कॉलेजची वर्षाची फी अठ्ठावन्न हजार डॉलर, पण तिथं काम करणाऱ्यांच्या मुलांना ती माफ. म्हणून डोरीन एकोणीस वर्षं तिथले जिने पुसत आली आणि तिची लेक टेसा शेवटच्या वर्षाला पोचली. पदवीला दोन महिने उरले असताना डोरीनचं कंबरडं गेलं. नोकरी सुटली की माफीही सुटणार होती.

"टोपी पुढं ओढ, मान खाली घाल," डोरीन अंथरुणातूनच म्हणाली, "आणि माझ्यासारखी कण्हत चाल. नाहीतर म्हणतील, म्हातारी रातोरात तरणी कशी झाली!"

"तू गप पड गं, आई."

आईचा गणवेश घालून टेसा रोज पहाटे जिना पुसू लागली. तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी मुकादम प्रुइट तिच्यासमोरच येऊन उभा राहिला. डोरीनला तो पहिल्या दिवसापासून ओळखत होता. टेसानं मान इतकी खाली घातली की तिला फक्त त्याचे बूट दिसत राहिले.

"काय गं डोरीन, कोपरे कोण पुसणार? मी?"

टेसा नुसती कण्हली.

प्रुइटनं तिच्या हातातला मॉप काढून घेतला.

"आठ वाजता तुझा केमिस्ट्रीचा पेपर आहे ना, डोरीन? जा, थोडं वाचून घे. उरलेला जिना मी पुसतो."