वाढीव मार्क

“काहीच केलं नाही त्यालाही एक मार्क?” मगनराव गुरुजी स्क्रीनवरच्या एक्स-रेकडे बघून कडाडले. “आमच्या शाळेत असल्याला भोपळा मिळायचा!”

डॉ. चिंतन हसले. ते मूळचे गुजराती. भेस्तानात दवाखाना टाकल्यापासून पेशंटांनीच त्यांना कामापुरती मराठी शिकवली होती. “काका, यात झीरो नसतोच. हाडाच्या चार बाजू. एकेक बाजूला तीनपैकी मार्क. नवीन हाड दिसत नाही तर एक. दिसतं, पण भेग पण दिसते, तर दोन. भेग पूरी भरली तर तीन. बारापैकी दहा आले की मी पाय टेकवू देतो. त्याच्या आधी नाही.”

“म्हणजे फुकटचे चार आधीच खिशात,” गुरुजी व्हीलचेअरमागे उभ्या असलेल्या लेकीला, छायाला म्हणाले. “म्हणूनच हल्ली सगळे पास होतात.”

गुरुजी रिटायर झाले, पण हातातली लाल पेन्सिल काही सुटली नव्हती. सगळं जग म्हणजे त्यांच्यापुढे तपासायला आलेला गठ्ठा. दवाखान्याच्या पाटीवरचं शुद्धलेखन चुकलेलं, नर्सनं बांधलेली पट्टी वाकडी, छायाची खिचडी दहापैकी चार. रिक्षानं उडवलं आणि नडगी मोडली, तेव्हा रस्त्यावर पडल्या पडल्या यांनी म्हणे रिक्षामागच्या सुविचारातली चूक काढली होती. सुंभ जळला, पीळ तसाच. भरपूर मार्क मिळवलेले दोन्ही मुलगे पुण्याहून व्हिडिओ कॉलवर तब्येत विचारत. अंथरुणापासून अंघोळीपर्यंत सगळं मात्र छायाच्या घरी, छायाच्याच हातून होत होतं.

रविवारी जुन्या विद्यार्थ्यांनी गोडादऱ्यात गुरुजींचा सत्कार ठेवला होता. शाल, श्रीफळ, मोठा बॅनर. गुरुजींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, मी माझ्या पायांनी स्टेजच्या पायऱ्या चढेन, नाहीतर येणारच नाही. उचलून आणायला मी काय गणपती आहे? त्या पायऱ्यांसाठीच आजचा एक्स-रे होता.

डॉक्टर एकेक बाजू मोठी करून बघत होते. गुरुजींना गप्प बसवेना.

“कडक तपासा हो. भीड ठेवायची नाही. ही माझी मुलगी. नववीला माझ्याच गणिताच्या पेपरात एका मार्कानं नापास. हेडमास्तर घरी आले, म्हणाले, वाढवा एक, सगळ्यांनाच वाढवतो आपण. मी म्हटलं, दुसऱ्याच्या पोरांना वाढवीन, पोटच्या पोरीला नाही! अख्ख्या लिंबायतमध्ये नाव झालं माझं.”

“मग पुन्हा नववी केली?” डॉक्टरांनी नजर न हलवता विचारलं.

“बसवणारच होतो. तेवढ्यात चांगलं स्थळ आलं.”

हा पराक्रम गुरुजी लग्नात सांगत, बारशात सांगत, कुणाच्या दहाव्यालासुद्धा सांगत. छाया दर वेळी तिथंच कुठेतरी असे, चहा देत किंवा भांडी उचलत. लोक वाहवा करत आणि ती रिकामे कप गोळा करत असे. आज तिनं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. साड्यांना टिकल्या चिकटवून तिच्या बोटांवर गोंदाची पुटं चढली होती. ती पुटं चादरीच्या सुतात अडकत होती.

“पुढे तीन,” डॉक्टर म्हणाले. “बाहेर पण तीन. आतल्या बाजूला दोन. आणि मागे... मागे एकच. टोटल नऊ.”

“बेरीज पुन्हा करा.”

डॉक्टरांनी केली. नऊच आले.

“मागची बाजू नीट बघा. तिथं पुसटसं काहीतरी दिसतंय.”

डॉक्टरांनी रुमाल काढून स्क्रीन पुसला. पुसटसं जे होतं ते गेलं. “धूळ होती, काका. पुढच्या महिन्यात परत एक्स-रे काढू.”

“अहो, पण सत्कार रविवारी आहे!” गुरुजी ओरडले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं, बाहेर कुणी ऐकत नाही ना म्हणून. खुर्चीत पुढे सरकून ते हळूच म्हणाले, “साहेब, एकाच मार्काचा प्रश्न आहे. एवढा सांभाळून घ्या ना.”

गुरुजींच्या दारात उभे राहून नापास पोरांचे बाप ज्या आवाजात बोलायचे, अगदी तोच आवाज. ‘साहेब’सुद्धा तेच. फक्त हात जोडायचे तेवढे राहिले होते, आणि मग गुरुजींनी तेही जोडले.

डॉक्टर अवघडले. “काका, दहा लिहायला माझं काय जातं? पण मी लिहिल्यानं हाड जुळत नाही ना. पाय टेकवला तर परत तुटेल.”

गुरुजींनी मान वळवली. “छाया, तू तरी सांग यांना. एका मार्कानं असं काय होतं?”

छायानं वाकून व्हीलचेअरचा ब्रेक सोडला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

“हाडाला एक वाढवून दिला, तरी ते मोडकंच राहतं, आप्पा,” ती म्हणाली. “मला दिला असता, तर मी दहावीत गेले असते.”